चहा गाडीतच

सरांना चहा पाजायचा म्हणजे कप घेऊन रस्त्यावर जायचं. दारासमोर गाडी येऊन थांबायची, काच अर्धी खाली व्हायची, आतून एक हात बाहेर यायचा आणि त्या हातात आपण कप द्यायचा. स्वतः कधी उतरायचे नाहीत. कप परत देताना साखर जरा जास्त झाली असं सांगायचे आणि मग म्हणायचे, आत जा, ऊन लागतंय. पावसाळ्यात, आत जा, भिजताय. ऊनही नाही आणि पाऊसही नाही अशा दिवशी, आत जा, गॅसवर काहीतरी ठेवलं असेल. आपण आत जाऊन दार लावेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. लातूरच्या आमच्या क्लासमधल्या सगळ्या मास्तरांना हे पाठ झालं होतं. लोक म्हणायचे, गाडीचा माज आहे. मीही म्हणायची.

मी नांदेडची. लातुरात क्लासचं पेव फुटलं तेव्हा बायोलॉजी शिकवायला म्हणून आले आणि सरांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. सर त्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. म्हणजे दिवसभर सहकारी आणि संध्याकाळी घरमालक. माणूस एकटा होता. एक लेक, ती लग्न होऊन नांदेडजवळ विष्णुपुरीला. तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात ती शिकली आणि नवराही तिथलाच केला. घरात भिंतीवर एकही फळी नव्हती, कपाटावर साधी बॅगसुद्धा ठेवलेली चालायची नाही. मी माळ्यावर पापडाचा डबा ठेवला तर तो दुसऱ्या दिवशी खाली जमिनीवर आलेला असे. भूकंप पाहिलेल्या माणसांची घरं अशी असतात हे मला ठाऊक होतं, म्हणून त्याबद्दल मी कधी विचारलं नाही.

एका गोष्टीचा मात्र मला राग यायचा. रोज सकाळी खालून हाक यायची, ‘म्याडम, निघालात का?’ मी निघेपर्यंत हे गेटपाशी उभे. दोघांनाही एकाच क्लासला जायचं, पण मी माझी स्कूटी काढून कोपऱ्यावर वळल्याशिवाय हे गाडीत बसायचे नाहीत. मला वाटायचं, मी नळ नीट बंद करते की नाही यावर म्हाताऱ्याचं लक्ष आहे. लातुरात पाण्याची जी अवस्था होती त्यात तसं वाटणं साहजिकच होतं.

गाडी तशी माज करण्यासारखी होती हे खरं. आमच्याकडं तेव्हा ज्याच्या त्याच्याकडं डिझेल गाडी. सरांनी सेकंडहँड घेतली ती पेट्रोल, टर्बो, आणि डायरेक्ट इंजेक्शन. हे शेवटचे दोन शब्द ते अशा स्वरात उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, घराण्याची ओळख करून देताहेत. ओळख झाल्यावर माणूस आपलं गाव सांगतो. सर गाडीचं स्पेसिफिकेशन सांगायचे. बाराशे सीसी, चार सिलिंडर. साध्या पेट्रोल गाडीत तीन-चार बार प्रेशरनं पेट्रोल फवारतात, हिच्यात दीडशेच्या वर. त्यासाठी वेगळा पंप, तो कॅमशाफ्टवर चालतो. काचेतून चहा देऊन ‘कशी काय गाडी?’ असं विचारणारा नवा मास्तर तासाला उशिरा पोचायचा.

वर्गातसुद्धा तेच. थर्मोडायनॅमिक्स सुरू झालं की गाडी फळ्यावर आलीच. नायगाव, चाकूर, कुठकुठून आलेली पोरं. त्यांच्या आया औसा रोडच्या गल्ल्यांत एकेक खोली घेऊन पोरांसाठी पोळ्या लाटत बसलेल्या. त्या पोरांनी आयुष्यात बॉनेट उघडलेलं नव्हतं, पण डायरेक्ट इंजेक्शनचे रोग विचारा, घडाघडा सांगायची. सर शिकवायचेच तसं. साध्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडं पडतं, व्हॉल्व्हवरून वाहत आत जातं, त्यामुळं व्हॉल्व्ह धुऊन निघतात. हिच्यात पेट्रोल थेट सिलिंडरच्या पोटात. व्हॉल्व्हला आंघोळच नाही. त्यात इंजिनातलं तेलकट वाफारं येऊन चिकटतं, वाळतं, काळं होतं, त्यावर आणखी थर चढतो. मग इंजिनाला श्वास पुरत नाही. सकाळी सुरू केलं की थरथरतं, पिकअप जातो, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. आणि हा रोग सगळ्यांत लवकर कुणाला होतो? इथं सर खडू ठेवून थांबायचे आणि पोरं एका सुरात म्हणायची, जवळ जवळ फिरणाऱ्या गाडीला.

उपायही पोरांना पाठ होता. लांबच्या रस्त्याला न्या, इंजिन नीट तापू द्या, मोकळं पळू द्या.

गंमत अशी की सरांची गाडी घर, क्लास आणि पेट्रोलपंप एवढ्याच त्रिकोणात, वाटेतल्या मास्तरांच्या दारांवरून फिरायची. पंप एकच, ठरलेला. बाकीच्या पंपांवरचं पेट्रोल या इंजिनाला सोसत नाही असं त्यांचं मत होतं. घरी आल्यावर लगेच चावी काढायची नाही हा आणखी एक नेम. गेटमध्ये गाडी उभी करून ते इंजिन चालू ठेवून बसायचे. स्कूटी बिघडलेल्या दिवशी मी पिशव्या सांभाळत शेजारी बसलेली असले तरी बसायचे. ‘टर्बोला दम घेऊ द्या, म्याडम. पळून आलाय.’ आता क्लासपासून घरापर्यंत तो काय पळणार होता? पण पंखा चालू आहे, इंजिन बारीक टकटक करतंय आणि सर डोळे मिटून बसलेत, तेव्हा बोलायची सोय नसायची. ही टकटक इंजेक्टरची, ती आजार नव्हे, हेही मला त्यांनीच शिकवलं. पुढं पुढं मला ती आवडायला लागली. आज ती कुठं ऐकू आली तर मी हातातलं काम थांबवते, हे इथं सांगून टाकते.

रोज सकाळी ते बॉनेट उघडून ऑइलची डिपस्टिक काढत, पुसत, पुन्हा घालत, पुन्हा काढत आणि चक्क तिचा वास घेत. शेजारचे हात जोडायचे तेवढे बाकी होते. एकदा मी पाहिलं तर ऑइल खुणेच्या वर आलेलं. मी म्हटलं, बरं आहे की, तुमच्या गाडीचं तेल वाढतं. त्यांनी माझ्याकडं नापास मुलीकडं पाहावं तसं पाहिलं. तेल वाढत नसतं, म्हणाले, पेट्रोल मिसळतंय त्यात. इंजिन तापत नाही, म्हणून आत पडलेलं पेट्रोल उडून जात नाही, खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं आणि इंजिन झिजतं. मग लांब नेत का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘न्यायचीय की.’ आणि बॉनेट लावलं.

अक्रोडाची भानगड त्याच हिवाळ्यातली. सरांनी कुठंतरी वाचलं होतं की मोठ्या शहरांत असले व्हॉल्व्ह अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या जोरानं मारून साफ करतात. टरफल कार्बन खरवडतं पण धातूला ओरखडा पाडत नाही. झालं. सरांनी गंजगोलाईच्या बाजारातून अक्रोड आणले, थोडेथोडके नाही, पोतंभर. गर आम्ही खायचा, टरफलं त्यांना द्यायची. टीचर्स रूममध्ये दिवसभर दाराच्या फटीत धरून अक्रोड फोडणं चालू. क्लासच्या मालकांनी ऐकलं तेव्हा त्यांनी ही आपल्या पोरांच्या बुद्धीची सोय समजून आणखी एक पोतं स्वतः पाठवलं. आया खुश झाल्या. आमच्या घरी शेंगदाण्याच्या चटणीतसुद्धा अक्रोड पडू लागला. शेवटी सर टरफलांचं पोतं घेऊन गॅरेजला गेले तेव्हा कळलं की तो भुगा एकसारख्या बारीक दाण्याचा लागतो आणि मारायचं यंत्र लातुरात कुणाकडंच नाही. पोतं परत आलं. त्या थंडीत आम्ही पाणी तापवायला टरफलंच जाळली.

त्याच सुमाराला मालकांनी नांदेडला शाखा काढली. आठवड्यातून दोन दिवस सरांनी तिकडं शिकवावं, राहायचं लेकीकडं, पैसेही वाढवून. दुसरा कुणी उडी मारून गेला असता. सर नाही म्हणाले. कारण दिलं नाही. लेक दर महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं येऊन बापाला भेटून जायची, बरोबर तिचा लहान मुलगा. निघताना सर तिला रिक्षापर्यंत सोडायचे, हात हलवायचे, हसायचे. पण ते स्वतः एकदाही विष्णुपुरीला गेले नव्हते. मुलीच्या लग्नानंतर एकदाही नाही. मला ते फार लागायचं. माझे वडील मी हायस्कूलात असताना गेले. गाडी असलेला, धडधाकट बाप लेकीच्या घरी जात नाही म्हणजे काय, असं मनात यायचं.

मग लेकीनं विष्णुपुरीला घर बांधलं. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालतात, तेव्हा तुम्ही पाहिजेत, असं तिनं फोनवर सांगितलं. सरांनी परीक्षा पुढं केल्या. तिनं दिवस पुढं ढकलला. सरांनी तब्येत पुढं केली. मग एक दिवस तिनं फोन मला द्यायला सांगितला आणि शांतपणे म्हणाली, ‘ताई, बाबा आल्याशिवाय मी त्या घरात राहायला जाणार नाही. भाड्याच्याच घरात राहीन. त्यांना सांगा.’ मी सांगितलं. सर डिपस्टिक घेऊन उभे होते. ऐकलं आणि तिचा वास घेतला.

त्याच आठवड्यात गाडी बसली. क्लासच्या फाटकातच आचके दिले, पिवळा दिवा लागला आणि इंजिन थरथरत बंद पडलं. ढकलत औसा रोडच्या गॅरेजला नेली. गॅरेजवाले चाचा सरांचे जुने दोस्त, त्यांचा मुलगा सरांच्या हाताखाली शिकून डॉक्टरकीला गेलेला. त्यांनी इंजिनात हवा नेणारा वरचा मॅनिफोल्ड खोलला आणि आम्हाला आत बघायला लावलं. व्हॉल्व्ह दिसतच नव्हते. काळा, जाड, चिकट थर. सरांनी बघितलं आणि वर्गात सांगायचे ते सगळं चाचांना पुन्हा सांगायला लागले. चाचांनी ऐकून घेतलं. हात पुसले.

‘सर, हे सगळं मला ठावं हाय. तुम्हालाबी ठावं हाय. मी हातानं साफ करून देतो. पण गल्लीतच फिरवून राहिले तर परत हेच होणार. लेकीचं घर हाय नांदेडला, सरळ रस्ता हाय. नेत का न्हाई?’

सरांनी त्या काळ्या थरावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘जायला काय, जाईन हो. पण तिथून निघावं लागतं ना.’

 मग ते बोलले, माझ्याकडं न बघता. औशाच्या पुढं त्यांचं गाव होतं. गणपतीत लेकीचा कान दुखायला लागला म्हणून तिला घेऊन ते लातूरला निघाले. विसर्जन झालं की येतो, असं सांगितलं. ‘आई आणि ही, दोघी दारात उभ्या होत्या. मी वळून बघितलं तर हात हलवत होत्या. विसर्जन झालं, त्याच पहाटे भूकंप झाला.’ बोटाची काजळी चिंधीला पुसली. ‘त्यानंतर मी कुणाला दारात उभं करून निघालो न्हाई, म्याडम. कुणी माझ्याकडून गेलं तर चालतं. गेलेली माणसं पोचतात. मी सोडून गेलो की न्हाई राहत.’

हे बोलणाऱ्या माणसानं आयुष्यभर पोरांना कार्यकारण शिकवलं होतं. यात काही अर्थ नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, म्हणून मी तसं बोलले नाही. मला फक्त एकेक गोष्ट आठवायला लागली. काचेतून बाहेर आलेला हात. आत जा, ऊन लागतंय. रोज सकाळी गेटपाशी उभं राहून, म्याडम, निघालात का. वर्ग सुटल्यावर शेवटचं पोरगं जिना उतरेपर्यंत फळा पुसत राहणं. आणि आम्ही त्याला माज म्हणत होतो. मला तिथं, ग्रीसच्या वासात, रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

घरी येऊन मी लेकीला फोन केला. तिला यातलं अर्धंच माहीत होतं. आपल्या कानामुळं आपण वाचलो एवढं. बाप येत का नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती समजत होती की जावई पसंत नाही. मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, ‘तुम्ही त्यांना फक्त घेऊन या. निघायचं मी बघते.’

तिथून निघायचं लेक बघणार आहे, एवढंच मी सरांना सांगितलं आणि आम्ही रविवारी निघालो. चाचांनी व्हॉल्व्ह घासून लखलखीत केले होते, ऑइल बदललं होतं, दिवा विझला होता. चाकूरपर्यंत सर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. चाकूर मागं पडलं, रस्ता मोकळा झाला आणि त्यांनी गाडी सोडली. खरं सांगते, तोवर मला त्या दीडशे बारचं काही कौतुक नव्हतं. पण ती गाडी त्या दिवशी जी पळाली. ना आचका, ना थरथर, नुसता एकसारखा घुमणारा आवाज. अहमदपूरच्या घाटात सरांनी मला विचारलं, ऐकून राहिलात का? मी हो म्हटलं. ते हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना समोरचा रस्ता बघून हसताना पहिल्यांदा पाहिलं.

विष्णुपुरीला घरासमोर गाडी थांबली आणि नेहमीप्रमाणं काच अर्धी खाली झाली. लेक बाहेर आली. तिच्या हातात कप नव्हता. तिनं दार उघडलं, बापाचा हात धरला आणि म्हणाली, ‘चहा आत हाय, बाबा.’ टर्बोला दम घेऊ दे म्हणाले. तिनं घेऊ दिला. हात मात्र सोडला नाही.

दूध उतू गेलं. जेवणं झाली. पुरणपोळी सरांनी दोनदा मागून घेतली. नातवानं आजोबांना घर दाखवलं, प्रत्येक खोलीत सरांनी आधी वर बघितलं आणि कुठंच फळी नव्हती. उन्हं कलली तसे ते अस्वस्थ व्हायला लागले. सारखे खिशातली चावी चाचपायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. मी लेकीकडं बघितलं. तिनं पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की आम्हाला नांदेडात जरा काम आहे, रिक्षा बोलावलीय. ‘बाबा, तुम्ही निवांत निघा. कुलूप लावा आणि किल्ली तुळशीच्या कुंडीत ठेवा. आम्ही येतो.’

आणि ती निघाली. नवरा, मुलगा, आणि आज नांदेडला आईकडं राहते असं सांगून मीही, सगळे एका रिक्षात. गॅसवर काही नव्हतं, आत कुणी नव्हतं. सर दारात उभे राहिले, हातात कुलूप, आणि आम्ही त्यांना हात केला. नातू तर वळण येईपर्यंत हलवत होता.

नांदेडात आम्हाला काहीच काम नव्हतं. वळणावर टपरीमागं रिक्षा थांबवून आम्ही उभे राहिलो. थोड्या वेळानं गाडी आली. सर ताठ बसले होते, समोर बघत होते. लातूरच्या रस्त्याला लागली आणि तिचा तो आवाज लांब जात जात मिटला. लेक टपरीच्या बाकावर बसून रडली आणि मग नाक पुसून हसायला लागली. घरी गेलो तर किल्ली कुंडीत होती. कुलूप त्यांनी इतकं ओढून पाहिलं होतं की कडी वाकली होती.

त्यानंतर दर महिन्याला सर विष्णुपुरीला येऊ लागले. विचारलं तर म्हणायचे, इंजिन मोकळं करायला आलो. दर वेळी तीच तऱ्हा. लेकीला अचानक काम निघायचं, नातवाला शिकवणी निघायची, घर रिकामं व्हायचं आणि सर कुलूप लावून निघायचे. पुढं मी लातूर सोडून नांदेडला परत आले, तेव्हा माझ्याही दारासमोर गाडी थांबू लागली. माझ्याकडं ते उतरले नाहीत. लेकीची बरोबरी मी कशी करणार? मी काचेतून कप द्यायची, परत घ्यायची आणि त्यांनी ऊन-पाऊस काही म्हणायच्या आत पिशवी उचलून भाजीला निघायची. घरात भाजी असली तरी. माझ्या आईला वाटायचं, मुलीचं डोकं फिरलंय, आलेल्या माणसाला सोडून बाजारात पळते.

शेवटी सर आजारी पडले तेव्हा लेकीनं त्यांना नांदेडला आणलं. गाडी तिनंच चालवत आणली, ते शेजारी बसून गिअर कुठं बदलायचा ते सांगत होते म्हणे. दवाखान्यात मी रोज जायची. हळूहळू बोलणं बंद झालं, डोळे मिटलेले, श्वास तेवढा चालू. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता काही तासांचा प्रश्न आहे. पण ते तास सरेनात. आम्ही सगळे कॉटभोवती उभे होतो, लेक, जावई, नातू, मी. कुणी पाणी प्यायलासुद्धा हलत नव्हतं. श्वास अडखळायचा, थांबतोय असं वाटायचं आणि पुन्हा सुरू व्हायचा.

दुपार झाली होती. लेकीनं बापाच्या कपाळावर हात ठेवला. मग माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं.

‘चला,’ ती म्हणाली, ‘आपण चहा घेऊन येऊ.’

एकानं तरी थांबूया असं जावई म्हणाले. तिनं मान हलवली. वाकून बापाच्या कानाशी म्हणाली, ‘बाबा, आम्हाला जरा काम हाय. आम्ही निघतो. तुम्ही निवांत निघा.’

आम्ही सगळे बाहेर पडलो. खोलीचं दार तिनं ओढून घेतलं. कँटीनमध्ये चार चहा मागवले आणि कुणीच प्यायलं नाही. परत आलो तेव्हा नर्स दारापाशी आमची वाट बघत होती.

सगळं आवरून लेकीनं मला सरांच्या गाडीतून विष्णुपुरीला नेलं. घरासमोर गाडी उभी केली. चावीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. इंजिन चालू होतं, ती बारीक टकटक ऐकू येत होती. काच अर्धी खाली होती. घरात दिवा लागला, जावई दारात येऊन उभे राहिले, त्यांनी हात केला, तरी तिनं गाडी बंद केली नाही.  मलाही उतरायचं नव्हतं.